गुडघ्याखालचा टॉवेल

टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली सरकवून
खाली दाब, म्हणतो बार्दुर.
उचलायचं नाही, वाकवायचं नाही,
नुसतं दाब.

मी दाबते.
दात दाबले जातात, मूठ आवळली जाते,
खिडकीबाहेरचं क्लाक्सविकचं बंदर
बोटींसकट आवळून धरते मी,
आणि मांडी पडून राहते
बर्फावरच्या कॉडसारखी.

ती दुबळी नाही, बार्दुर म्हणतो,
तिला हाक पोचत नाही.
गुडघा सुजला तेव्हा आतून वर्दी गेली,
घात झालाय, कुणी हलू नका.
आता सूज उतरली,
पण मागे घ्यायला कुणी गेलंच नाही ती वर्दी.
बावीस दिवस पहाऱ्यावर उभी आहे बिचारी,
युद्ध संपल्याचं ठाऊक नसलेली.

फेब्रुवारीत डाव्या कोपऱ्यातून उडी घेतली होती मी.
गोल झाला. हे सांगायलाच हवं. गोल झाला.
मग उतरताना
ओली दोरी तुटावी तसा आवाज,
आणि समोरच्या गोलकीपरने
माझ्या आधी तोंडावर हात नेला.

तोरशाव्हनला मांडीमागची कंडरा काढून
त्यांनी गुडघ्यात ओवली.
माझंच माझ्याकडून उसनं.
वसुलीला येते ती मागची बाजू,
रात्री तीनला, न चुकता.

दर सोमवारी टेप.
वाटीच्या वर पंधरा सेंटिमीटर, पेनाची खूण.
उजवी एकावन्न.
डावी सत्तेचाळीस.
सत्तेचाळीस.
सत्तेचाळीस.
बार्दुर चिकट पट्ट्या लावून बटण फिरवतो,
मांडी टणकन उडते.
माझी नव्हे, यंत्राची.
परक्या पोराने हाक मारल्यावर धावत जाणारं
आपलंच कुत्रं बघावं, तसं वाटतं.

बाबा घरी येतात, कोपऱ्यात बूट काढतात.
तरुणपणी त्यांना दोराने कड्यावरून खाली सोडायचे,
पक्ष्यांच्या अंड्यांसाठी.
नवा दोर, ते म्हणतात,
पहिल्या वर्षी कड्यावर नेत नाहीत.
आधी होडी बांधा, गवताचे भारे ओढा,
त्याला ताणाची ओळख होऊ दे.
आणि मी? गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेली,
याच गुडघ्याला,
नोव्हेंबरच्या सामन्यासाठी.

मग एका बुधवारी,
किटली शिट्टी घालायच्या बेतात,
रेडिओवर बोटींसाठी वाऱ्याचा अंदाज,
पाय स्टुलावर, लक्ष पावाला लोणी लावण्यात,
वाटी सरकली.
तांदळाच्या दाण्याएवढी. वर.
मी सुरी खाली ठेवली.
पुन्हा.
पुन्हा सरकली.
कुणाला सांगितलं नाही. पाव खाल्ला.
दुसऱ्या दिवशी काही नाही,
तिसऱ्या दिवशी काही नाही,
मग दोनदा.

त्यानंतरचं सांगण्यासारखं नाही.
सायकल. भिंतीला पाठ लावून अदृश्य खुर्चीवर बसणं.
दात घासताना डाव्या पायावर उभं राहणं,
आरशात बाईचा चेहरा शांत
आणि खाली मांडीत भूकंप.
कारखान्यात सामनच्या पेट्यांवर लेबलं लावायचं बसून काम,
आणि टेबलाखाली चोरून
आवळ, सोड, आवळ, सोड.
अठ्ठेचाळीस. साडेअठ्ठेचाळीस.
एका सोमवारी परत अठ्ठेचाळीस,
तेव्हा बार्दुरच्या टेपवर मी भयंकर काहीतरी बोलले.
त्याने खिडकी उघडली.

नोव्हेंबर नाही, तो म्हणाला. बहुधा मार्चही नाही.

ऑक्टोबरात डोंगरावरून मेंढ्या उतरवल्या.
मला वर चढायची मनाई,
म्हणून खाली, कोंडवाड्याच्या फाटकाशी उभं केलं,
म्हाताऱ्यांच्या आणि पोरांच्या रांगेत.
कळप आला, धूर यावा तसा,
आणि त्यातली एक काळी, भरल्या अंगाची,
उजवीकडची हूल देऊन माझ्या डावीकडून घुसली.
विचार करायला वेळच नव्हता.
डावा पाय बाहेर पडला, रुतला, वाकला,
तिचं सगळं वजन मांडीवर आलं
आणि मांडीने ते धरलं.
धरलं.
माझी. न सांगता.

मी तिथेच उभी,
स्वतःच्या मांडीकडे खाली बघत,
चिखलात, तोंड उघडं टाकून,
आणि बाबा भिंतीपलीकडून ओरडतायत,
रान्वा! अगं मेंढी गेली!